आमदारीणबाईंच्या परसातली जागा

माझं माहेर वळसंग. घरात कानडी, भाईर मराठी, अव्वानं शिवी दिली तर कानडीत नि अप्पानं दिली तर मराठीत, अशी दोनी भाषांतनं वाढले मी. शाळा चौथीपतूर. पुढं अप्पा म्हनला, शिकून काय आमदार व्हायचंय व्हय हिला, नि मला लांब करमाळ्याकडं भीमेकाठच्या गावात देऊन टाकली. नशीब कसं असतंय बगा, आमदारच झाले. पर ते ऐकायला अप्पा न्हवता, अन् ऱ्हायला असता तरी हसला नसता.

आमचे यजमान, मी त्यांना मालकच म्हनायचे, मानूस लई धडपड्या. दुष्काळात सगळं गाव खडी फोडत हुतं तर हे बी त्यांच्यासंगं दिवसभर उनात हुबं, कुनाला मजुरी मिळाली न्हाय की चालले तालुक्याला भांडायला. त्याच पुण्याईवर आमदार झाले. मग धरनाचं निघालं. गाव पान्यात जानार हे पक्कं हुतं, ते काय लपून न्हवतं. मालकांनी पारावर सांगितलं, जमिनीला जमीन मिळंल, खाली कालव्यावर, मी हाय की. लोक म्हनले, तुमी म्हनताय न्हवं, मग बास. असा शब्द दिला नि पुढच्या उन्हाळ्यात मुंबईवरनं येताना जीप उलटली, हे जाग्यावरच गेले. काय सांगू तुम्हाला, त्यांच्यावर रडायचं का चिडायचं तेच कळंना मला.

आता आमच्यात, म्हंजी आमा लिंगायतांत, मेल्यावर जाळत न्हाईत. माती देत्यात. मानसाला मांडी घालून बसवायचं, हातात लिंग द्यायचं, इबूत नि बेलपानं घालायची, अन् वरनं माती लोटायची. निजलेल्याला थोडी जागा पुरते, बसलेल्याला खड्डा खोल लागतो, हे ध्यानात ठिवा. तर मालकांना आमच्या नदीकाठच्या रानात बसवलं. गावातल्या आमच्या सगळ्यांचीच मानसं अशी आपापल्या रानात बसलेली. शेजारच्या गुरुबाईचा नवरा तर आमच्या बांधाला लागूनच.

समाधीची माती वाळली न्हवती तवर पक्षाची मानसं दारात. म्हनली, वहिनी, तुमी निस्तं हात जोडून हुबं ऱ्हावा, बाकीचं आमी बगतो. मी म्हनलं, मला भाशान येत न्हाय. ते म्हनले, यायला नकोच. मालकांचा फोटू जीपला म्होरं बांधला नि मागं मी, डोक्यावर पदर घिऊन. आले निवडून. मुंबईला गेले. तितल्या सभागृहात मला मागं बसवायचे, हात वर करा म्हनले की करायचा, खाली म्हनले की खाली. येकदा मात्र मी उठले. इचारलं, आमच्या लोकांना जमीन कवा देनार? मंत्री लई मायाळू आवाजात म्हनले, कार्यवाही चालू आहे. मी शेजारच्या मेंबराला इचारलं, म्हंजी वं काय? तो हसून म्हनला, म्हंजी खाली बसा, वहिनी.

अन् मग पानी आलं. जमीन न्हाय आली, पानी आलं. लोक हलंनात, म्हनले आदी जमीन दावा. धरनाचा साहेब माझ्याकडं आला, म्हनला, बाईसाहेब, तुमी म्होरं निघा, तुमच्या मागनं लोक निघतील, न्हायतर मानसं बुडतील नि ते पाप तुमच्या माथी. मी आमच्या अय्यांना, स्वामींना इचारलं, मालकांना काढून संगं न्यावं का? अय्या म्हनले, बसलेल्याला उठवायचं नसतंय माये. सामान भरलं तर गुरुबाई दारात आडवी. म्हनली, बाईसाहेब, धन्याला पान्यात ठिवून निघाला व्हय? मी म्हनलं, व्हय, ठिवून निघाले, तू बी तुज्या धन्याला ठिव नि चल, लेकरं जगवायची हायती. तिनं पेटी उचलली अन् तिचं बगून सगळं गाव उठलं. आमदार म्हनून लोकांनी माझं कवा ऐकलं न्हवतं, त्या दिवशी ऐकलं.

वसवलं कुटं, तर ह्या मुरमाड माळावर. जमीन दावली ती दुसऱ्यांच्या ताब्यातली, ते काठ्या घिऊन हुबं. त्यांचं बी काय चुकलं म्हना, त्यांच्याबी पोटालाच चिमटा. शाळा झाली, चावडी झाली, हातपंप झाला. मसनवटा बी दिला. पर दिला तो उगड्या कातळावर, कारन त्या जागेला दुसरा काय उपेग न्हवता, अन् देनारा जाळनाऱ्यांतला. त्याला वाटलं, चार लाकडं रचायला कातळ काय नि माती काय. मला घराला जागा मिळाली ती तेवडी वड्याकडंची, काळ्या मातीची. मी मागितली न्हवती, पर आमदार म्हनून दिली. बायका पानी भरताना म्हनायच्या, बाईसाहेबांला काळी माती नि आपल्याला मुरूम. ऐकून घ्यायची मी. खोटं काय हुतं त्यात?

पहिल्याच पावसाळ्यात गुरुबाईचा थोरला, मल्लाप्पा, तापानं गेला. चांगला दाढीमिशीचा गडी, मागं बायको, लेकरू. गड्यांनी कातळावर पहार मारली तर पहारच वाकडी झाली. भवतालच्या शेतकऱ्यांनी बांधावर पाय ठिवू दिला न्हाय, कोन देईल परक्याच्या मढ्याला जागा? कुनीतरी म्हनलं, जाळू या आता, इलाज न्हाय. गुरुबाई म्हनली, बापाला पान्यात ठिवला, लेकाला जाळनार न्हाय. अन् आनला त्याला माझ्या दारात. बसवून आनलेला. मान पडू नये म्हनून मागनं फळीला बांधलेला, कपाळाला इबूत, नि डोळं झाकलेलं, जसा काय कामाचं सांगाय आलाय नि वाट बगत बसलाय. ती म्हनली, बाईसाहेब, कुटं ठिवू ह्याला?

मी परसाकडं हात केला. मेथी लावली हुती, तीच उपटली नि खांदला खड्डा, खोल, काळ्या मातीत.

साहेब आला धावत. रहिवासी जागेत हे चालत न्हाय म्हनला. मी म्हनलं, साहेब, मसनवट्याला माती द्या, तवर आमची बी कार्यवाही चालूच हाय. गेला माघारी. माती काय आली न्हाय. माती द्यायला आनखी मानसं आली. कुनी इचारायचं न्हाय, सरळ घिऊनच यायचे.

मग इलेक्शन लागली. मी पडले. आमच्या ह्याच वसाहतीत मला मतं पडली न्हाईत. गुरुबाई हातपंपावर हुबी राहून बायांना सांगायची, हिला देऊ नका, हिच्या शब्दानं आपन उठलो. खरंच हुतं. जमिनीचा शब्द मालकांचा हुता, पर लोकांना उठवलं मी. तिच्यावर रागवायला तोंड लागतंय, ते मला न्हवतं.

आता परसात भिंतीकडंला येकच जागा हाय, मल्लाप्पाच्या शेजारची. माझ्या पोरानं ती माझ्यासाठनं राखली हुती. गुरुबाईचं बी आता भरत आलंय, म्हैना झाला अन्न सुटलंय. परवा काठी टेकत आली, लेकापाशी बसली, मातीवरनं हात फिरवला, माझ्याकडं बगितलं बी न्हाय. मागायची न्हाय ती, लई मानी बाई. मीच म्हनलं, गुरुबाई, ही जागा तुजी. ती रडली. इतक्या वर्सांत पहिल्यांदा माझ्यासमोर रडली.

पोरगा चिडला, आई, मग तुजं काय? मी म्हनलं, आमदार हुते की मी, माझी सोय सरकार करंल. तो हसला न्हाय.

निगा आता, यष्टी चुकंल. म्हातारीकडनं येवडंच घिऊन जावा, तुमची मानसं तुमच्याच मातीत ऱ्हावोत.