डाव्या गालातली वाटणी

(अणदूर. मोगलाईतली एक दुपार. शांतम्मा ओसरीवर टेकली आहे. सून प्रेमा, मांडीवर झोपलेलं बाळ.)

शांतम्मा : शेजारच्या सिताबाईनं तवाच सांगितलं हुतं तुला. तुझी सासू डावीकडनं घास चावत न्हाय म्हणून.

प्रेमा : सांगितलं होतं. मी म्हटलं, दाढ असेल.

शांतम्मा : म्या बी तेच म्हटलं. मान खाली घालू नको. सोलापूरच्या डॉक्टरनं गालातला तुकडा तपासायला काढून ठेवला हुता, काल तू जाऊन आलीस. काय म्हटला त्यो?

प्रेमा : कर्करोग आहे, म्हणाले. मानेतली गाठही त्यातलीच. मुंबईला रेडियम लावतात, उद्याच निघा म्हणाले.

शांतम्मा : दुखत तर न्हाय. गाल माझा नसल्यावानी झालाय.

प्रेमा : मलाही कालपासून काही जाणवत नाही, आत्याबाई. बाळ रडतंय हेसुद्धा उशिरा कळतं.

शांतम्मा : तू दुर्बिणीतनं बघितलंस म्हणं. काय दिसलं? हैद्राबादला उर्दूत डॉक्टरकी शिकलीस ते मराठीत सांग.

प्रेमा : शरीर बारीक बारीक पेशींचं असतं. एका पेशीच्या दोन होतात. तेव्हा आत दोन बिंदू समोरासमोर उभे राहतात आणि धाग्यांनी ओढून सारखी वाटणी करतात.

शांतम्मा : दोघा भावांनी रान वाटून घ्यावं तसं.

प्रेमा : तसंच. तुमच्या तुकड्यात एका पेशीला चार टोकं होती. चारी बाजूंनी धागे ओढलेले.

शांतम्मा : चौघं वढायला लागल्यावर वाटणी कसली व्हायची.

प्रेमा : वाकडी होते. कुणाला जास्त, कुणाला काहीच नाही. पुष्कळ पेशी त्यातच मरतात. एखादी तगते.

शांतम्मा : आन् ती मानेत गेली.

प्रेमा : तशीच पेशी शेजारणींचा हात सोडून निघते का, ते मी सरांना विचारलं होतं कॉलेजात. कुणालाच माहीत नाही, म्हणाले. मला वाटतं, निघत असावी.

शांतम्मा : पर सूज तर उतरली हुती. हळद-चुन्याचा लेप लावला, चार दिसांत गाल सपाट. म्हणून तर आषाढात सोलापूरला जायला जुंपलेली गाडी सोडली आपण.

प्रेमा : सूज उतरली, आतली गाठ नाही. तोंडात धरता त्या चुन्यानं गाल आतून रोज भाजत होता. भाजलेलं भरून काढायला पेशी पुन्हा पुन्हा वाटणी करत राहिल्या. वाटण्या जितक्या जास्त, तितकी चुकायची जागा जास्त.

शांतम्मा : म्हंजी तंबाखू-चुन्याची गोळी.

प्रेमा : तुम्ही ती झोपतानाही काढत नाही.

शांतम्मा : आईनं लावली. ज्वारी खुरपताना भूक लागू नये म्हणून आमा दोघी बहिणींच्या गालात तिनंच धरली. चन्नम्मा बारकी, तिला थुकायला बी येत नव्हतं. अजून डावीकडंच धरती ती.

प्रेमा : चन्नम्मामावशी? सास्तूरच्या?

शांतम्मा : व्हय. दिवाळीला आली तवा भाकरी दुधात कुस्करून खात हुती. म्या हसले तिला, म्हातारी झालीस म्हटलं.

प्रेमा : कुठल्या बाजूनं चावत होती?

शांतम्मा : चावतच नव्हती.

प्रेमा : आत्याबाई, उद्याची मोटार चुकवायची नाही.

शांतम्मा : तिचं तोंड कुणी बघितल्याबिगर म्या मोटारीत पाय ठिवायची न्हाय. दोघींना एकाच हातानं लावलीय ती गोळी.

प्रेमा : सास्तूरला जाऊन यायला दोन दिवस जातील. तुमच्याकडं ते नाहीत.

शांतम्मा : मग दुसऱ्या कुणाला तरी सांग. सांगितलंस म्हंजी म्या येते.

प्रेमा : सांगते. जो भेटेल त्याला, वाटेत, नाक्यावर, मोटारीत. त्याला म्हणेन, तुम्ही सास्तूरकडं निघाला असाल तर चन्नम्माच्या घरी थांबा. दुखतंय का विचारू नका, ती नाही म्हणेल. तिला उजेडात बसवून तोंड उघडायला सांगा, आणि डावा गाल बघा.