पारंपरिक म्हणू नका

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कला मंडळाचे प्रमुख श्री. लॉयड पेनिंग्टन, व्यासपीठावरच्या पाहुण्या, आपल्या ग्रंथपाल श्रीमती हेस्टर कॉम्ब्स, आजच्या सत्कारमूर्ती ओर्फामावशी मलिन्स, आणि डॉगवुड फोर्कच्या माझ्या बंधुभगिनींनो,

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. वर येताना कानात म्हणाले, "वेंडेल, जरा गोड बोल." मी गोड बोलायचंच ठरवून आलो होतो. चार ओळी लिहूनही आणल्या होत्या, त्या या खिशात आहेत. पण मघाशी लेटी स्लोन गात होती, पोरीनं डोळे मिटून घेतले होते, आणि साक्षात अध्यक्षांचा फोन वाजला. वाजला तर वाजला, त्यांनी तो घेतलाही. पलीकडच्या माणसाला सांगितलं, "बोल बोल, इथं नुसतं गाणं चाललंय."

नुसतं गाणं. माझी गोड बोलायची इच्छा तिथंच मेली.

इथं जे नवे आहेत त्यांच्यासाठी सांगतो. ओर्फामावशींच्या पशुखाद्याच्या दुकानामागं एक खोली आहे. बेचाळीस खुर्च्या, माइक नाही, स्टेज नाही. मधोमध तीन गाणारे गुडघ्याला गुडघा लावून बसायचे, सगळे आपापली गाणी रचणारे. एकानं गायचं, दोघांनी ऐकायचं, मग पुढच्याची पाळी. लोक इतके जवळ की गिटारच्या तारेवरून बोट सरकलेलं ऐकू यायचं. एकतीस वर्षं हे चाललं. नियम एकच होता, गाणं चालू असताना कुणी बोलायचं नाही. माणसानं नाही आणि यंत्रानंही नाही. म्हणून कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी मावशी फ्रीज बंद करायच्या. आणि परत चालू करायला विसरू नये म्हणून स्वतःच्या गाडीची किल्ली त्या फ्रीजमध्ये ठेवायच्या. किल्ली घेतल्याशिवाय घरी जाता येत नाही, आणि किल्ली घ्यायला गेलं की फ्रीजची आठवण होतेच. जानेवारीच्या थंडीत ती गार किल्ली हातात घेऊन "मेले रे मेले" करत गाडीकडे जाणाऱ्या मावशी मी किती वेळा पाहिल्या आहेत.

आणि आज शाळेच्या या जेवणघरात तो अवाढव्य फ्रीज दुपारपासून घरघरतोय. एकालाही तो बंद करावासा वाटला नाही. ज्या बाईचा सत्कार करायचा, तिचा एकच नियम, तोही तुम्हाला पाळता येऊ नये?

बरं, सत्कार तरी कशाचा? हे मानचिन्ह बघा. वाचतो. "एकतीस वर्षांच्या प्रेमळ आदरातिथ्याबद्दल, कॉफी आणि सफरचंदाच्या केकच्या स्मरणार्थ." अहो, स्मरणार्थ काय? बाई समोर बसल्या आहेत, केकसुद्धा समोर आहे. हसू नका. मला हसू येत नाहीये.

आता ही कार्यक्रमपत्रिका. शेवटची ओळ: "समारोप. 'कबरी नेल्या, झाडं राहिली', पारंपरिक गीत. सादरकर्ते वेंडेल स्टिडम आणि मंडळी." हे गाणं इथल्या शेंबड्या पोरालाही येतं. धरणाचं पाणी चढायच्या आधी सरकारनं दरीतल्या कबरी उकरून डोंगरावर नेल्या, पण सफरचंदाची झाडं तिथंच राहिली, त्याचं गाणं. तुम्ही ते लग्नात म्हणता, मयतीला म्हणता. आणि पारंपरिक म्हणून म्हणता.

ते पारंपरिक आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी सांगितलं.

तेवीस वर्षांपूर्वी कार्यक्रम संपल्यावर मावशी कप विसळत होत्या आणि गुणगुणत होत्या. मी फडकं घेऊन पुसत होतो. म्हटलं, "मावशी, पुन्हा म्हणा." त्यांनी म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत मला पाठ झालं. महिन्याभरानं मी ते त्याच खोलीत, त्यांच्यासमोर गायलो आणि ऐटीत सांगितलं, "हे आपल्या डोंगरातलं जुनं गाणं, कुणी रचलं कुणास ठाऊक." पुढं रेकॉर्डवरही तसंच छापलं. ती रेकॉर्ड चालली. मला बक्षिसं मिळाली. आम्हा गाणाऱ्यांना एक खोड आहे, जुनं गाणं सापडलं की हिरा सापडल्यासारखे नाचतो, आणि मग ते जुनंच असावं असा आमचा हट्ट असतो.

अहो, तेच गाणं एखाद्या दाढीवाल्यानं गिटार घेऊन म्हटलं असतं, तर मी पहिला प्रश्न काय विचारला असता? "कधी लिहिलंस?" पण बाई मोरीशी उभी, हात साबणात. मग आमच्या अकलेनं ठरवूनच टाकलं की हे तिच्या आजीकडून आलं असणार. मी विचारलंच नाही. आणि आज अध्यक्षांवर तोंड टाकतोय. चोर तो चोर, वर शिरजोर.

गेल्या गुरुवारी खुर्च्या उचलायला गेलो होतो. मावशींचे गुडघे गेले, खोली बंद झाली, मंगळवारी लेकीकडे ओहायोला चालल्या, हे तुम्हाला माहीत आहेच. त्या शेगडीत जुने कागद टाकत होत्या. त्यात बियाण्यांच्या माहितीपत्रकाचं एक पान होतं, मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं. "कबरी नेल्या, झाडं बुडाली." 'बुडाली' खोडलं होतं. त्यावर 'एकटी'. तेही खोडलं होतं. मग 'राहिली', आणि त्याखाली दोन रेघा.

मित्रहो, पाठ असलेलं गाणं उतरवून घेणारा माणूस शब्द खोडत नाही. शब्द खोडतो तो रचणारा.

मी विचारलं, "मावशी, हे तुमचं आहे?" त्यांनी माझ्या हातातून कागद ओढला आणि शेगडीत घातला. म्हणाल्या, "तू लोकांना जुनं म्हणून सांगितलंस, लोकांना आवडलं. आता कशाला मोडता घालायचा?" त्यांचं गाव पाण्याखाली गेलं तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या. तेव्हाच लिहिलं होतं. मी तिथं उभा राहून बघत राहिलो. त्या रात्री झोप लागली नाही, स्वतःच्या थोबाडीत माराव्याशा वाटल्या.

म्हणून आज माझी विनंती आहे. विनंती कसली, सांगतोच. प्रत्येकानं पेन्सिल काढा. हेस्टरबाई, तुमच्या पेटीतल्या फिरवा जरा. पत्रिकेवरचं 'पारंपरिक' खोडा आणि तिथं लिहा, ओर्फा मलिन्स. मी थांबतो. मंगळवारच्या आत हे झालंच पाहिजे.

काय म्हणालात, मावशी? मोठ्यानं सांगा, फ्रीज बोलतोय.

मागच्यांना ऐकू गेलं नसेल, मी सांगतो. मावशी म्हणतात, "नाव लिहिताय तर गाणं तरी नीट म्हणा. तिसरं कडवं तू तेवीस वर्षं चुकीचं गातोयस. 'आईनं दार लावून घेतलं' नाही. आईनं दार उघडं ठेवलं होतं. पाणी येणारच होतं, त्यानं दार फोडून येऊ नये म्हणून."

मावशी, तेवीस वर्षं सांगितलं का नाहीत?

म्हणतात, "गाणं चालू असताना बोलायचं नाही, हा नियम माझाच. आणि संपल्यावर तू कॉफी घेऊन स्वतःबद्दलच बोलत बसायचास."

हेस्टरबाई, एक पेन्सिल मलाही द्या, तिसरं कडवं दुरुस्त करून घेतो.

मंडळाचे आभार, हेस्टरबाईंचे आभार, तुम्ही माझा संताप ऐकून घेतलात त्याबद्दल तुमचेही. आज तोंडून काही वेडंवाकडं गेलं असेल तर पोटात घाला. तेवीस वर्षांचं मात्र इतक्यात माफ करू नका. समारोप मी करणार नाही. मधली खुर्ची मोकळी आहे, मावशी, पाळी तुमची आहे. लेटी, त्यांना हात दे आणि गिटार दे.

पेनिंग्टन साहेब, उठा, तो फ्रीज बंद करा. आणि तुमच्या गाडीची किल्ली आत ठेवा. फोनसुद्धा ठेवा.

आता कुणी बोलायचं नाही.