डाव्या गुडघ्याची पट्टी

दुखऱ्या गुडघ्याची पट्टी कुणी चांगल्या गुडघ्याला बांधलेली पाहिलीय का तुम्ही? माझ्या धाकट्या भावानं, दत्तूनं, बांधली होती. बाहत्तरच्या दुष्काळाच्या आधीची गोष्ट.

तालमीत बैठका मारताना त्याचा उजवा गुडघा दुखावला. संगमनेरच्या डॉक्टरांनी त्याची बैठक बघितली आणि म्हणाले, "उठताना तुझा गुडघा आत पडतो. गुडघा दाराच्या बिजागरीसारखा असतो, एकाच दिशेनं वाकतो. पिळलास तर तुटेल." पायाला वाळूची पिशवी बांधून करायचा व्यायाम त्यांनी शिकवला आणि पावसाळ्यापर्यंत कुस्ती बंद केली.

दत्तू व्यायाम नेमानं करायचा. पाय सुधारतही होता. पण चैत्रात गावची जत्रा आली आणि सोनईच्या एका पैलवानानं त्याच्याशीच जोड मागितली.

तो आखाड्याकडे निघताना बघते, तर पट्टी डाव्या गुडघ्याला.

"आरं, दुखतोय तो उजवा ना?"

"आक्के, पट्टी दिसली की गडी त्योच पाय धरतो. धरू दे चांगला!"

"आन् डॉक्टर काय म्हणाले हुते?"

"डागदरला कुस्तीतलं काय कळतंय?" असं म्हणून हसत गेला.

त्या पैलवानानं खरंच डावा पाय धरला. तो वर उचलला आणि दत्तूला गर्रकन फिरवलं. सगळा भार उजव्या पायावर आला आणि तो पाय तर मातीत रुतलेला. मोडल्याचा आवाज कडेच्या माणसांनाही ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी त्याचा गुडघा हातात धरला, तेव्हा तो दोन्ही बाजूंना वाकत होता.