माझ्या खड्याचं फिल्टर

न्हाई, तुमीच सांगा, घरात पान्याचं फिल्टर असताना मानसानं भर उन्हात पायी पायी शेतातल्या विहिरीवर जाऊन पानी प्यावं का? प्यावं का म्हन्तो मी! अन् फिल्टर बी कोनासाठी आनलेलं? माझ्या खड्यासाठी! मुतखडा हो, मुतखडा... हसू नका, तुमच्यात ज्याला कोनाला झाला असंल त्याला इचारा, बसता येत न्हाई, उटता येत न्हाई, अन् 'पुंजाजी, कुटं दुखून राहिलं?' म्हनून पारावर कोनी इचारलं तर चारचौघांत बोट बी दाखवता येत न्हाई!

तर हिंगोलीच्या डाक्टरनं माझ्या पोटावर ते थंडगार मलमावानी काहीतरी फासलं, वरून मशीन फिरवलं, टीव्हीत बघितलं अन् म्हनले, 'पुंजाजी, खडा हाय. तुरीच्या डाळीएवढा. पडून जाईल, फकस्त पानी प्या. दिवसाला तीन लिटर. स्वच्छ पानी, फिल्टरचं असलं तर लईच बरं. दोन महिन्यांनी परत बघू, अन् न्हाई पडला तर...' अन् बोटानं असं कापल्यावानी केलं. मी टेबलावरच गार! तुमाला सांगतो, मी बैलाला भेत न्हाई, इंचवाला भेत न्हाई, पन ऑपरेशन म्हनलं की मी आदी दार कुटं हाय ते बघतो. म्हनून दवाखान्यातून निगालो ते सरळ दुकानात, अन् फिल्टर घेऊनच आमच्या डोंगरकड्याच्या गाडीत बसलो. खोकं मांडीवर. शेजारच्या बाईनं इचारलं, 'टीव्ही हाय का हो?' म्हनलं, 'न्हाई बाई, माझा जीव हाय ह्या खोक्यात.'

आता आमचं घर सांगायचं तर... मानसं एकोनीस. म्हशी चार. अन् शेरडं किती ते शेरडांनाबी माहीत न्हाई. बोअरचं पानी असं जड, की हंड्यात रातभर ठिवलं तर बुडाला पांढरा थर, अन् साबन लावला तर अंगाला फेस न्हाई, चोळून चोळून चोळनाऱ्याच्याच तोंडाला फेस! दुसऱ्या दिवशी फिल्टर बसवायला शिवप्रसाद म्हनून एक पोरगं आलं हिंगोलीहून. अर्धं हिंदी, अर्धं मराठी. 'काका, फॅमिली किती मोठी? ये मशीन पाच-छे लोगों के लिए है.' मी म्हनलं, 'तेवढीच हाय.' खोटं बोललो व्हय! पन मला तर एकट्यासाठीच पायजे व्हतं ना, मी काहून जास्तीची मानसं सांगू? तेवढ्यात आतून आमची आई आली, मंग माझी घरवाली सखुबाई, मंग धाकला भाऊ हनुमान, त्याची बायकू, त्याची पोरं, माझी पोरं, सून अंजली, तिचं लेकरू, दोन आत्या... पोरगं भिताडाला भोकं पाडायचं सोडून बघतच राहिलं, 'काका, घर में शादी है क्या?'

बसलं बाबा फिल्टर. निळी लाईट लागली. मी गिलास घेऊन तयार, म्हनलं आता पैला घोट अन् खड्याची सुट्टी... तर आमची आई, अनुसयाबाई, वय पंच्याहत्तर, हळद-कुंकवाची कोयरी घेऊन हजर! 'थांब रे पुंज्या, नवी वस्तू हाय, आदी पूजा.' नारळ फोडला, मशीनच्या कपाळाला बोटं ओढली. पैला गिलास औंढ्याच्या नागनाथाच्या नावानं देवापुढं. बराबर, देवाचा मान. दुसरा गिलास शिवप्रसादला, पाव्हना हाय. हे बी बराबर. तिसरा जमनाबाईला, म्हंजी आमची शेजारीन, ती मशीन बघायला आलेली, बिनपान्याचं कसं पाठवायचं? चौथा आईला, पाचवा आत्याला... अन् घरातल्या कर्त्या मानसानं सगळ्यात शेवटी घ्यायचं, ही आमच्यातली रीतच हाय, भाकरी असू दे न्हाई तर पानी. माझा नंबर आला, तोटी दाबली... टिप, टिप, अन् लाईट गेली. फिल्टर कोनाच्या खड्यासाठी आनलं? माझ्या! अन् म्या काय पेलं? बोअरचं जड पानी खड्याला नको, म्हनून शेतातल्या विहिरीचं!

म्हनलं जाऊ दे, उद्या पिऊ. उद्या काय झालं? आमच्या सुनंला, अंजलीला शोध लागला. 'मामा, ह्या पान्यात डाळ कशी लोण्यावानी शिजते बघा! बोअरच्या पान्यात दोन तास टनटन!' झालं. एकोनीस मानसांचं वरन फिल्टरच्या पान्यात! मंग हनुमानची बायकू म्हनली केस मऊ होतात, मंग आत्या म्हनली च्या चांगला होतो, मंग मशीनची टाकी सकाळी भरली की दात घासायच्या आदी रिकामी. मी सखुबाईला म्हनलं, 'अगं, डाक्टरनं मला तीन लिटर सांगितलंय!' ती म्हन्ते कशी, 'अवो, मंग दोन वाट्या वरन जास्तीचं घ्या की, त्यात बी तेच पानी हाय!' आता वरन पिऊन खडा पडतो का? तुरीच्या डाळीएवढा खडा अन् वरून तुरीचीच डाळ, त्याला सोबत व्हायची!

मंग म्या डोकं लावलं. पहाटं समद्यांच्या आदी उटून एक बाटली भरली, थेंब थेंब करून, अन् गोठ्यात कडब्याच्या मागं लपवली. आपल्याच घरात, आपल्याच फिल्टरचं पानी, चोरावानी लपवून राहिलो! न्याहारी करून गेलो तर बाटली रिकामी. अन् हनुमान ट्रॅक्टरचं बॉनेट बंद करून राहिला. मी म्हनलं, 'हनुमान, हितली बाटली?' तो म्हन्तो, 'दादा, देवच पावला! बॅटरीतलं पानी संपलं व्हतं, बॅटरीला शुद्धच पानी लागतं ना, कडब्याच्या मागं मिळलं बघा!' अन् ट्रॅक्टर असा चालू झाला तुमाला सांगतो, एका झटक्यात, भर्रर्र... ट्रॅक्टरची तकलीफ गेली, माझी तकलीफ तशीच! मी तसाच रागारागानं विहिरीवर गेलो, पोहरा सोडला अन् दोन तांबे घटाघटा पेलो.

पन खरी गंमत तर पुढं हाय. त्या मशीनला मागून एक बारीक नळी असती. चांगलं पानी पुढून येतं अन् राहिलेलं खारट पानी त्या नळीनं मागं मोरीत जातं. एक दिस आई मोरीत बसून ती नळी बघून राहिलेली. 'पुंज्या, तुझं मशीन गळतंय.' म्हनलं, 'गळत न्हाई आई, खराब पानी बाहेर टाकतंय.' 'खराब म्हंजी कोनतं?' 'जे आपन आजपातूर पेलो ते.' 'म्हंजी आमी जलमभर खराब पेलो का रे?' आई म्हन्ते, 'एक हंडा देतं अन् दोन हंडे फेकतं? असलं मशीन आनलं तू? तुला कडेवर घेऊन, डोईवर दोन हंडे घेऊन मी वढ्यापल्याडून पानी आनलंय. चुकून सांडलं तर तुझी आज्जी दिसभर बोलायची न्हाई माझ्याशी. अन् हे मशीन रोज फेकतंय, त्याला कोनी बोलत न्हाई!' काय चुकलं हो तिचं? त्या पान्यापायी तिच्या टाळूवरचे केस गेलेत. मी समजावून सांगायचं सोडून म्हशीकडं निगून गेलो. अन् तीच माझी चूक झाली.

कारन मातारीनं काय करावं? फिल्टरला पानी पुरवायला आमी कट्ट्यावर बोअरच्या पान्याचा एक निळा ड्रम ठिवलेला. मातारी रोज नळीखाली बादली लावायची, खारट पानी गोळा करायची, अन् कोनी न्हाई बघून परत त्याच ड्रममधी ओतायची! मशीन फेकायचं, आई ओतायची. मशीन फेकायचं, आई ओतायची. तीन हप्ते! मशीन दमलं, आई दमली न्हाई. पानी असं खारट झालं म्हन्ता, नुसती भाकरी बुडवून खावी. अन् एक दिस मशीनची धार झाली सुतावानी, मंग तुटली, मंग नुसता थेंब... तेवढ्यातबी मी तोटीखाली गिलास लावून बसलो. सकाळपासून बसलो, अन् दुपारपातूर एक गिलास भरला. एक! भरलेला! पैलाच, तुमाला सांगतो, माझ्या हक्काचा! ओठाला लावनार तेवढ्यात दारात फटफटी... दुरुस्तीला बोलावलेला शिवप्रसाद.

त्यानं मशीन खोललं अन् कपाळाला हात लावला. 'काका, इसको क्या पिलाया? अंदर तो प्लास्टर झालंय!' मी आईकडं बघितलं, आई वरच्या पत्र्याकडं बघून राहिली. शेवटाला बोलली, 'मी ओतायची रं बाबा, वाया जाऊन राहिलं व्हतं म्हनून.' पोरगं म्हनलं, 'मावशी, वो पानी फेकनेका है!' आई म्हनली, 'आमच्या घरात पानी फेकत न्हाईत, लेकरा. तू उन्हातून आला, तोंड बघ कसं सुकलंय...' अन् माझ्या हातातला गिलास घेतला अन् त्याला दिला! माझा! सकाळपासून भरलेला! अन् ते बी बेनं डोळे मिटून गटागटा पेलं अन् म्हनलं, 'काका, पानी तो एकदम मस्त है!' फिल्टर कोनाच्या खड्यासाठी आनलं हो? मी तांब्या उचलला अन् निगालो विहिरीवर.

मशीनच्या आतला, पानी गाळायचा पडदा नवा टाकला. खारट पान्याची नळी भांडे घासायच्या टाकीत सोडली अन् उरलेलं म्हशीला, तवा कुटं आईचा जीव थंड झाला. मशीन परत जोरात, घरातली एकोनीस मानसं परत जोरात, अन् माझं रोजचं येरझारं चालूच. न्याहारीला विहीर, जेवनाला विहीर, दुपारी विहीर. राग आला की दोन तांबे, अन् आमच्या घरात राग काय एकदाच येतो का? अन् वर डाक्टरच्या तारखेला आठ दिस राहिले, दोन दिस राहिले, माझ्या डोळ्यापुढं ते डाक्टरचं बोट! सखुबाईला म्हनलं, 'मला काय झालं तर म्हशी विकू नको.' ती म्हन्ते, 'खड्यानं कोनी मरत न्हाई, च्या घ्या. फिल्टरच्या पान्याचा हाय.'

तारीख आली. हनुमान संगं आला. परत ते थंडगार मलम, परत मशीन... डाक्टर डावीकडं बघतात, उजवीकडं बघतात, मी मनातल्या मनात नागनाथाला अभिषेक बोलून मोकळा! अन् डाक्टर हसले. 'पुंजाजी, खडा पडला की हो! साफ! काय केलं?' अन् मी तोंड उघडायच्या आदी हनुमान म्हन्तो, 'फिल्टर बसवलं ना साहेब आमी!' डाक्टर म्हनले, 'बघा, मी सांगितलंच व्हतं!' अहो मी म्हनून राहिलो, 'न्हाई साहेब, विहिरीचं... चालून चालून...' कोन ऐकतं! हनुमाननं दवाखान्याच्या पायरीवरूनच घरी फोन लावला, 'आई, फिल्टरनं दादाचा खडा पाडला!' मी खुशीत व्हतो, खोटं काहून बोलू, डोळ्याला पानी आलं माझ्या. म्हनलं पडला ना, कशानं का पडंना.

घरी आलो तर दारात ही गर्दी! जमनाबाई गुडघ्यासाठी तांब्या घेऊन, पारावरचा सोनाजी पित्तासाठी बाटली घेऊन, वाण्याचा गुलाबचंद कशासाठी आला ते त्यालाच माहीत न्हाई, पन हातात कॅन! अन् आई मशीनला ताजं हळद-कुंकू लावून, वरून हार घालून बाजूला बसलेली, एकेकाला गिलास देऊन राहिली, 'माझ्या पुंज्याला गुन आला बाबा, घे.' म्हनलं चला, आज तरी आपला मान हाय, ज्याच्या खड्यासाठी आनलं त्यालाच आज पैला गिलास! पुढं झालो, गिलास तोटीखाली धरला, अन् सखुबाईनं हात धरला. 'अवो, तुमचा खडा पडला ना?'

'व्हय.'

'मंग आता तुमाला काय गरज? त्या सोनाजीच्या पोटात आग पडून राहिली बिचाऱ्याच्या, त्याला घेऊ द्या!'

सांगा! खुंटीवरचा टावेल घेतला, तांब्या घेतला अन् विहिरीची वाट धरली. चार पावलं गेलो असंन तर मागून आईची हाक, 'पुंज्याऽऽ! नुसता तांब्या घेऊन काहून चालला रे? बोअर आटून नुसत्या गुळण्या टाकून राहिलं, ड्रम खडखडीत हाय अन् दारात एवढी मानसं तान्हेली! येताना दोन हंडे भरून आन!'

तवापासून तुमाला सांगतो, रोज सकाळी मीच डोक्यावर हंडा घेऊन त्या फिल्टरला पानी पाजून राहिलो.