बंद दिव्याचा रोध

वायरमनच्या परवान्याची तोंडी परीक्षा होती. बाकावर एका वायरमनच्या शेजारी एक बाई लेकीकडून उजळणी करून घेत होत्या, तेव्हा पहिल्यांदाच आलेल्या त्या वायरमनने कान टवकारले.

“आई, दोनशे तीस व्होल्ट, अर्धा अँपिअर. पॉवर?”

“गुणायचं. एकशे पंधरा वॅट.”

“रोध?”

“भागायचं. चारशे साठ ओहम.”

“मग मागच्या वर्षी कुठे अडलीस?”

“अडते कसली, माती खाल्ली! साहेबांनी शंभर वॅटचा दिवा दिला, म्हणाले, जळताना रोध किती? मी बंद दिव्यालाच मीटर लावला. चाळीस आला, दिला ठोकून.”

“अगं, त्या हिशेबाने शंभरचा दिवा तेराशे वॅटचा होतो!”

“ते घरी गेल्यावर सुचलं. दिव्यातली तार तापली की रोध दहापटीहून जास्त वाढतो. वीस वर्षं पंपाच्या मोटारींना तारेचे वेढे भरतेय, आणि ऐनवेळी अक्कल चरायला गेली!”

“आज विसरशील?”

“विसरते कशी! वर्षभर दुकान उघडलं की आधी एक दिवा मोजते.”

आतून बाईंचा नंबर पुकारला. त्या पदर सावरत उठल्या, तसा वायरमनला राहवेना.

“ताई, दिवा आधी पेटवायचा ना?”

“आधी पेटवायचा, दादा. मग व्होल्ट, अँपिअर बघून भागायचं. आणि आत जाताना तुमच्या मागच्यालाही सांगा.”