राबातलं निळीचं बी

हा काळा तुकडा रिकामाच पडलाय, असं रंगवाला शेठ फोनवर कोणालातरी सांगत होता, आणि मी त्याच्या मागे निळीच्या बियांची पिशवी धरून उभी होते. मला वाटलं, तो काय माझ्याशी बोलत नाय, आपण मध्ये कशाला बोलायचं. मी तशीच आहे. तुमी विचारताय म्हणून एवढं तरी बोलते.

आमचं गाव धसईच्या पुढे, डोंगराखाली. खाली भाताची खाचरं आणि वर उताराला वरकस, तिथे पूर्वी नाचणी व्हायची, वरी व्हायची. बाबांनी मला मुरबाडला इंग्लिश मीडियमला घातलं. तिथे मी आमी म्हटलं की पोरं हसायची, आणि घरी येऊन आम्ही म्हटलं की काकी म्हणायची, आली गो मॅडम, पाट द्या तिला बसायला. मग मी दोन्हीकडे गप्प बसायला लागले, ती सवय लागली ती लागलीच.

कॉलेज झालं, नोकरी काय मिळाली नाय, आणि तेव्हा हा शेठ आला. शहापूरकडे त्याचं कापड रंगवायचं काम आहे, त्याला पाल्याची नीळ पाहिजे होती. म्हणाला, निळीची झाडं उताराला बरी होतात, बी मी देतो, नीळ मीच उचलतो. वरकस पडीकच होतं, बाबा म्हणाले लाव, आणि मी लावली. फुलावर यायच्या आत कापायची, कापली की त्याच दिवशी हौदात भिजत घालायची, दुसऱ्या दिवशी ते हिरवं पाणी बांबूने घुसळत राहायचं, घुसळत राहायचं, हात भरून येतात, आणि वास म्हणाल तर गोठ्यापेक्षा वाईट. मग फेस निळा होतो, गाळ खाली बसतो, ती नीळ. गावात हसायचे. काय गो, सगळ्या तालुक्याचे सदरे धुणार काय तू? माझी नखं बघा, निळाई अजून गेली नाय. पण मला ते आवडायचं, काय सांगू तुम्हाला, त्या हौदापाशी कोणाशी बोलावं लागत नाय.

यंदा शेठला जास्त नीळ हवी होती. पावसाच्या तोंडावर तो स्वतः आला, आमच्याकडे जेवला, आईच्या हातची भाकरी त्याला फार आवडली, आणि मग आमी सगळे खाली शेतावर गेलो. तिथे त्याने तो काळा तुकडा बघितला.

तो आमचा राब. उन्हाळाभर आई आणि मी डोंगरातून टहाळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या, आणला होता डोक्यावरून, त्यावर शेण, त्यावर पेंढा, वर माती, आणि मग ते सगळं भाजलं. तिथेच भाताचं बी टाकायचं, तिथे रोपं वाढली की ती उपटून सगळ्या खाचरांत आवणी करायची. तो तुकडा गेला तर रोपं नायत, रोपं नायत तर वर्षाचा भात नाय. आणि दुसरा राब भाजायचा म्हटलं तर कशाने भाजणार, टहाळ जळून गेलेला, आभाळ भरून आलेलं.

शेठला काय माहीत. तो वाईट माणूस नाय, त्याला दिसली ती भाजलेली, गवत नसलेली मऊ जमीन. बाबांना म्हणाला, इथेच टाकू या का? मी बाबांच्या तोंडाकडे बघितलं. बाबांची एक रीत आहे, त्यांच्या बापाचीही होती, आपल्या घरी जेवलेल्या माणसाला त्या दिवशी नाय म्हणायचं नाय. बाबा म्हणाले, बघा तुमी, तुमाला बरं वाटेल तसं. आई बांधावर उभी होती, तिने पदर तोंडाला लावला आणि माझ्याकडे बघितलं. बाबांकडे नाय, माझ्याकडे.

मला एकदम शाळा आठवली. शाळेत इतिहासाला एक धडा होता, तिकडे बंगाल-बिहारात गोरे साहेब शेतकऱ्यांना चांगल्या जमिनीत जबरदस्तीने नीळ लावायला लावायचे. मी त्याचं उत्तर इंग्लिशमध्ये पाठ केलं होतं, मार्कही घेतले होते. आमच्यावर तर कोणी सोटा घेऊन आलं नव्हतं. माणूस जेवून हसत उभा होता, आणि पिशवी माझ्याच हातात होती.

त्याने पिशवीतून मूठभर बी घेतलं आणि वाकला.

आता राबात रोपं वीतभर झालीत, वाऱ्याने हलतात तेव्हा मी बघत बसते. वर वरकसात नीळ आहे, शेठ ती न्यायला येईल की नाय ते मला माहीत नाय, त्याचा फोन आला नाय अजून, मी रोज मोबाइल बघते. त्या दिवसानंतर दोन दिवस बाबा माझ्याशी बोलले नाय. मग तिसऱ्या सकाळी म्हणाले, चल, भाताचं बी टाकायला येतेस ना.

त्या दिवशी, शेठ बी टाकायला वाकला तेव्हा, माझा आवाज केवढा निघाला ते मलाच कळलं नाय, आई म्हणते पलीकडच्या बांधापर्यंत ऐकू गेला. मी म्हटलं, शेठ, ती मूठ परत पिशवीत टाका. इथे आमच्या भाताची रोपं व्हायचीत. तुमी आमच्याकडे जेवलात, म्हणून बाबा तुम्हाला नाय म्हणणार नाय, ते मी म्हणते.