बेटावरचं कुटुंब आणि तेंदूचे पुडे

अरे, त्या बेटावरच्या कुटुंबानं माझी इज्जत जाता जाता कशी राखली ते ऐका. मागच्या उन्हाळ्यात आमच्या अंगणात सगळे विडीच्या तेंदूपानांचे पुडे बांधायला बसले, की शेजारचा किसनाभाऊ मोबाईलवर गाणी लावायचा. मी म्हटलं, त्यापेक्षा मी पुस्तक वाचतो. बोलताना मला घाम फुटतो, वाचताना फुटत नाही. पण मंडळींनी अट घातली, की पुस्तक आवडलं नाही तर मोबाईल परत सुरू.

गोष्ट होती जहाज फुटून बेटावर अडकलेल्या कुटुंबाची. आमचे समीक्षक लगेच कामाला लागले.

"बाप त दिसन त्या जनावराले गोळी घालते," किसनाभाऊ म्हणाला. "आपण रानडुक्कर हाकललं तरी गार्ड नाव विचारते. तिथी फॉरेस्टवाले सुट्टीवर हायेत काय?"

"अन् मायच्या पिशवीतून सुई निघते, बियाणं निघते," माझी वहिनी म्हणाली. "जहाज बुडालं, का बाजारातून आली ते?"

सगळे हसले. किसनाभाऊचा हात मोबाईलकडे गेला. मी घाबरून थेट शेवट वाचला. न्यायला जहाज येतं, पण ती आई परत जायला तयार होत नाही.

वहिनीचे हात थांबले. "तिथी सासू होती काय?"

"नाई."

"मंग काऊन जाईन ते!"

माझी आई तिच्या शेजारीच पुडा बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "सासूबी इकडे सुखातच असन. किसना, ठेव तो मोबाईल. तू वाच बाबू, पयल्यापासून."